ललिता पवार : थप्पड सोडून बोलू या

घाटवळण
ललिता पवारांवरचा कुठलाही लेख उघडा, पहिल्याच परिच्छेदात त्यांच्या कानशिलात बसते. 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण, १९४२, समोर नट मास्टर भगवान, हात जरा जोरातच लागला, डाव्या डोळ्याला इजा झाली, चेहऱ्यावरून वारं गेलं. मग 'नायिकेची खलनायिका झाली', मग मंथरा, मग शेवटचा एकटेपणा. लेख खलास.

बाई १९२८ साली मूकपटात उभ्या राहिल्या आणि १९८७ साली दूरदर्शनवर घराघरांत शिव्या खात होत्या. मधल्या साठेक वर्षांत त्यांनी काय केलं ते कोणी धड सांगत नाही. माझं म्हणणं असं, की डोळ्यामुळे त्यांना कुठली कामं मिळाली एवढं कळतं. ती कामं इतकी चोख का झाली ते त्यातून कळत नाही. नुसत्या अधू डोळ्यावर कोणी चाळीस-पन्नास वर्षं कामं देत नाही.

तर प्रश्न : खाष्ट सासू आणि मंथरा बाजूला ठेवून तुम्हाला कुठल्या ललिता पवार आठवतात? आणि का? थपडेचा किस्सा सांगणाऱ्याला दंड होईल.

उगाचच
दंड किती ते आधी सांगा. बजेट बघून लिहितो.

घाटवळण
दोन आणे.

पिठलंभाकरी
म्हणजे तीन केळी. हाहा!

उगाचच
??

पिठलंभाकरी
अहो, 'श्री ४२०' मधली केळेवाली गंगामाई! ती सांगते दोन आण्याला तीन. राज कपूर घासाघीस करतो, तीन आण्याला दोन दे. आणि ती नाहीच म्हणते. माझं उत्तर हेच. फुटपाथवर टोपली घेऊन बसलेली, तोंडाने फटकळ, पण मुंबईत नवीन आलेल्या पोराला पहिली माया तीच लावते. त्या सिनेमात सगळं शहर राजूला फसवायला टपलंय आणि ही बाई स्वतःच्याच नुकसानीचा सौदा पटत नाही म्हणून भांडतेय... नाही, उलटं. तिच्याच फायद्याचा सौदा नाकारतेय. बघा, इतक्या वर्षांनी अजून गोंधळ होतो.

खवट_म्हातारा
सासू-मंथरा बाजूला ठेवा म्हणे. का ठेवायची? ज्या कामाने नाव झालं ते बाजूला ठेवून काय बोलायचं?

'रामायण' सुरू होतं तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. टीव्ही आमच्या खोलीत, त्यामुळे रविवारी सकाळी मजल्यावरची सगळी मंडळी दारापर्यंत. कैकेयीच्या महालात मंथरा आली की माझी आई हातातली वात वळायची थांबायची आणि पडद्याकडे बघून म्हणायची, "आली सटवी परत." परत म्हणायचं कारण वेगळं होतं. आईने १९६१ चा 'संपूर्ण रामायण' थिएटरात बघितला होता आणि त्यातही मंथरा हीच! म्हणजे पंचवीसेक वर्षांनी तीच बाई, तेच कुबड, तेच कान भरणं. आईच्या लेखी ही नटी नव्हतीच, मंथराच अधूनमधून नावं बदलून इतर सिनेमांत कामं करून येत होती.

सांगायचा मुद्दा, दोन पिढ्यांनी जिला मनापासून शिव्या दिल्या तिची तीच भूमिका मोठी. 'सोडून' वगैरे चोचले तुम्ही करा.

अध्यक्षमहोदय
म्हातारेबुवांशी सहमत. आणि पुढे जाऊन दंड भरायलाही तयार आहे, हे घ्या दोन आणे.

डोळा वगळून बोलता येणार नाही. त्यांनी तो लपवला असता तर गोष्ट वेगळी. त्यांनी वापरला. मान जरा तिरकी करून, एक डोळा बारीक आणि दुसरा पूर्ण उघडा ठेवून समोरच्याला आपादमस्तक न्याहाळायचं, आणि मग बोलायचं. त्या न्याहाळण्यातच सून अर्धी मेलेली असायची. नटाचं शरीर हेच त्याचं हत्यार. ते वगळून 'अभिनय' नावाचं वेगळं काय उरतं, घाटवळण?

घाटवळण
उरतं की. आवाज उरतो. 'मिस्टर अँड मिसेस ५५' मधली सीतादेवी आणि 'अनाडी'तली मिसेस डिसा डोळे मिटून ऐका. एकीचं प्रत्येक वाक्य सभेत ठराव मांडल्यासारखं, शब्दागणिक थांबा. दुसरी बोलता बोलता धापा टाकते, ओरडायला सुरुवात करते आणि वाक्य संपेपर्यंत राग गळून गेलेला असतो. डोळा दोघींचा एकच होता ना?

उगाचच
डोळे मिटून ललिता पवार, उघडे ठेवून मधुबाला. माझी सोय झाली.

रीळवाला
थोडी पार्श्वभूमी देतो, कारण त्या नायिका होत्या म्हणजे नेमकं काय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६, येवला. वडिलांचा कापडाचा व्यापार. पुण्यात नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत लहानपणीच त्यांचं पडद्यावर पाऊल पडलं. पुढे गणपतराव पवारांशी लग्न झालं आणि तिथून पवार आडनाव आलं. 'कैलास' (१९३२) या मूकपटात अभिनय तर केलाच, निर्मितीतही वाटा घेतला. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची मुलगी निर्माती! बोलपट आले तसा 'हिम्मत-ए-मर्दां' (१९३५). त्यानंतर 'दुनिया क्या है', तोही स्वतः काढलेला, टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन' कादंबरीवर बेतलेला. स्वतःची गाणी स्वतःच म्हणायच्या. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) मध्येही होत्या.

येवल्याची मुलगी पुण्यातून मुंबईला जाऊन टॉलस्टॉयवर सिनेमा काढते, ही गोष्ट एका थपडेखाली गाडली गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन आणे माझ्याही नावावर मांडा.

येवलेकर
हाबिनंदन रीळवाला! आमच्या येवल्याचं नाव निघालं की पैठणी आणि तात्या टोपे, गाडी पुढे सरकत नाही. कॉलेजात असताना ललिता पवार येवल्याच्या असं सांगितलं तर पोरं म्हणाली, तरीच तुझी आजी तशी आहे. आता काय बोलणार?

तळ्यातमळ्यात
माझं उत्तर : 'प्रोफेसर', १९६२. आणि यावर मी भांडायला तयार आहे.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी : दार्जिलिंगच्या बंगल्यात कडक आत्या, सीतादेवी वर्मा. भाच्यांना शिकवायला तरुण शिक्षक नको, म्हातारा हवा, ही अट. म्हणून शम्मी कपूर दाढी लावून, पाठीत वाकून म्हातारा प्रोफेसर होतो. नाव सीतादेवी म्हणजे पुन्हा तोच साचा, 'मि. अँड मिसेस ५५' चीच बहीण. पहिला अर्धा तास तसंच चालतं. आणि मग ही कडक बाई त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते.

इथे दिग्दर्शक लेख टंडन आणि शम्मी कपूर दोघेही विनोद करतायत, प्रेक्षक हसतोय. ललिता पवार मात्र विनोद करत नाहीत. त्या खरंच प्रेमात पडतात. नटायला लागते ती बाई, आवाज खाली येतो, बोलताना पदराशी चाळा सुरू होतो. ज्या तोंडातून आपण आयुष्यभर फक्त हुकूम ऐकले ते तोंड एक वाक्य बोलायला अडखळतं. हसता हसता एकदम वाटतं, अरे, आपण कोणाला हसतोय? वय झालेल्या बाईला प्रेम करावंसं वाटलं एवढंच तर तिने केलं. आणि ज्याच्यावर केलं तो माणूसच अस्तित्वात नाही.

शम्मीने कितीही धुडगूस घातला तरी सिनेमा संपल्यावर मला तीच आठवते. एवढी वाईट थट्टा हिंदी सिनेमाने दुसऱ्या कुठल्या पात्राची केली असेल असं वाटत नाही, आणि त्या थट्टेत जीव ओतून उभं राहायला छाती लागते.

पिठलंभाकरी
तळ्यातमळ्यात +१. आता 'प्रोफेसर' परत बघणं आलं.

अध्यक्षमहोदय
छान लिहिलंत ताई. पण बघा, ती भूमिका चालली कशामुळे? आधीची दहा वर्षं त्यांनी खाष्ट बायका केल्या म्हणून. 'जंगली'त, आदल्याच वर्षी, शम्मीचीच आई : घरात हसायला बंदी! तिलाच पुढच्या वर्षी लाजताना बघायचं म्हणून गंमत. साचा होता म्हणून साचा मोडता आला.

तळ्यातमळ्यात
तेवढं मान्य. पण साचा मोडणारे किती जण असतात? बहुतेक त्यातच वाळतात.

सुशेगाद_मडगाव
मिसेस डिसाबद्दल गोंयकाराला बोलू द्या.

हिंदी सिनेमातले ख्रिश्चन म्हणजे बाटली, गिटार आणि मोडकं हिंदी. 'अनाडी'तली डिसा त्यातली वाटली नाही. वांद्रे, गिरगाव, माझगाव भागात अशा घरमालकिणी खरंच होत्या. माझा एक मामा नोकरीसाठी मुंबईला गेला तेव्हा अशाच एका बाईकडे राहिला. भाडं थकलं की जिन्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार, आणि रात्री उशीर झाला तर झाकून ठेवलेलं ताट. मामा म्हणायचा, शिव्या भाड्याच्या आणि जेवण फुकट. ललिता पवारांनी ते बरोब्बर पकडलंय, शिवी आणि माया एकाच श्वासात.

आणि ती मरते कशाने? औषधाने. नायिकेच्या काकांच्या कंपनीच्या खोट्या औषधाने. आळ येतो राज कपूरवर, की यानेच म्हातारीला विष घातलं. ज्याला तिने पोटच्या पोरासारखं सांभाळलं त्याच्यावर. म्हणून ती गेल्यावर सिनेमा नुसता हळवा राहत नाही, त्याला दात येतात.

रीळवाला
त्या कामाला फिल्मफेअर मिळालं, सहायक अभिनेत्रीचं. आणि त्याच वर्षीच्या समारंभात नूतनला 'सुजाता'साठी मुख्य अभिनेत्रीचं. दोन्ही सिनेमांत दोघी आहेत हे विशेष.

'आनंद'मधल्या मेट्रनचं आडनावही डिसाच आहे बरं का. दोन्ही हृषीकेश मुखर्जींचे. अकरा-बारा वर्षांनी त्यांनी ती बाई जिवंत करून हॉस्पिटलात नोकरीला लावली असं मी मानतो.

बे_एरिया_बंड्या
'आनंद'! आमच्याकडे इथे आईबाबा आले की एकदा लागतोच. मागच्या खेपेला लेकीने विचारलं, सगळे जण आनंदवर प्रेम करतात, ही एकटीच का रागावते? मी म्हटलं, बघत राहा. शेवटाकडे तीच रडायला लागली, म्हणजे लेक. मेट्रन पण.

त्यात रमेश देव, सीमा देव आणि ललिता पवार, तिघं मराठी. बाबा दर वेळी हे मोजून दाखवतात. जणू काही त्यांनीच पाठवले होते.

दुपारची_झोप
मराठीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

हिंदी सिनेमातल्या नायकाला जन्म द्यायचा ठेकाच आपल्याकडे होता. दुर्गाबाई खोटे : श्रीमंत, करारी आई. लीला चिटणीस : गरीब, खोकणारी, शिवणयंत्रावर बसलेली आई (आणि याच बाई १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत झळकलेल्या, कोणाला सांगून खरं वाटत नाही). सुलोचनाबाई : सोशिक, डोळ्यांत कायम पाणी. ललिता पवार : बाकी सगळ्यांचा वचपा काढणारी. निरुपा रॉय येईपर्यंत खातं आपल्याच हातात होतं.

खवट_म्हातारा
लीला चिटणीस खोकल्याशिवाय पण चांगलं काम करायच्या. 'कंगन', 'बंधन', 'झूला' बघा अशोककुमारबरोबरचे. आजकालच्या पोरांना शिवणयंत्रच दिसतं.

दुपारची_झोप
काका, मी पोरगी नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण हरकत नाही, बरं वाटलं.

मातीचे_पाय
'सुजाता'चा उल्लेख झाला आणि सगळे पुढे निघून गेले. थांबा जरा.

१९५९, बिमल रॉय. अस्पृश्य आईबापांची अनाथ मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढते. घरातले तिला 'मुलीसारखी' म्हणतात, मुलगी म्हणत नाहीत. ललिता पवार त्यात आत्या आहेत, गिरिबाला. सोवळं पाळणारी, लहान पोरीला जवळ येऊ न देणारी. ही भूमिका खलनायिकेची नाही, म्हणून ती जास्त टोचते. ती कारस्थान करत नाही, कोणाच्या पोटावर पाय देत नाही. तिला मनापासून वाटतं की आपण धर्माने वागतोय आणि बाकीचे ढिले पडलेत. अशा आत्या, आज्या, मावश्या मी बघितल्यात. दारातून पाणी उंचावरून ओंजळीत ओतणाऱ्या, वर "पोट भरलं का रे बाळा?" असं प्रेमाने विचारणाऱ्या. सिनेमातला चेहरा बघून मला डोळा वगैरे काही दिसला नाही. ते हात आखडून घेणं दिसलं. लहान पोर पुढे येतं आणि या बाईचं सगळं अंग एक इंच मागे जातं. संवाद नाही, पार्श्वसंगीताचा दणका नाही. ते एक इंच मागे जाणं ज्याने अनुभवलंय त्याला कळतं की नटी किती खोलात बघत होती.

माझं उत्तर 'सुजाता'.

घाटवळण
मातीचे_पाय, या प्रतिसादासाठीच धागा काढला होता असं वाटलं. धन्यवाद.

रीळवाला
सहमत. आणि त्याच सिनेमाची एक गंमत : सुबोध घोषांची बंगाली कथा, बंगाली दिग्दर्शक, बंगाली घर. आणि त्या घरातल्या बायका? नूतन, सुलोचना, शशिकला, ललिता पवार. चारही मराठी.

दुपारची_झोप
बघा! मी म्हटलं ना ठेका होता.

कायद्याचं_बोला
मला जरा वेगळंच भांडण काढायचंय. 'मिस्टर अँड मिसेस ५५' मधल्या सीतादेवी बरोबर होत्या.

होय. सिनेमा आला १९५५ साली, हिंदू विवाह कायदाही त्याच वर्षीचा. घटस्फोटाची तरतूद हिंदू बाईला पहिल्यांदा देशभर मिळत होती आणि त्यावरून गावभर बोंब चाललेली. सीतादेवी त्या बाजूच्या, बायकांच्या हक्कांसाठी सभा घेणाऱ्या. आणि गुरुदत्तने त्यांना काय केलं? हास्यास्पद. चष्मा, ताठ मान, पुरुषद्वेष. गरीब बिचाऱ्या नवऱ्याची सेवा करणारी वहिनी म्हणजे आदर्श, आणि हक्क मागणारी म्हणजे घरं मोडणारी. आज बघताना ललिता पवारांची प्रत्येक ओळ मला पटते आणि सगळं थिएटर मात्र माझ्याविरुद्ध हसत असतं.

अध्यक्षमहोदय
वकीलसाहेब, अशिलाची बाजू घेताना कागदपत्रं नीट वाचा. त्याच सीतादेवी भाचीचं लग्न भाड्याच्या नवऱ्याशी लावतात, कारण मृत्युपत्राप्रमाणे ठरावीक मुदतीत लग्न झालं तरच पैसे मिळणार. नंतर घटस्फोट. भाचीला मत विचारलंय का कुठे? हक्क वगैरे सभेत, घरी हुकूमशाही.

कायद्याचं_बोला
मी बाई आहे, 'साहेब' कशाला? आणि मृत्युपत्र कोणी केलं? मेलेल्या बापाने. मुलीच्या पैशावर लग्नाचं कुलूप बापाने घातलं, सीतादेवींनी फक्त दुसरी किल्ली बनवली. पद्धत चुकीची असेल, पण पहिला गुन्हा कोणाचा?

अध्यक्षमहोदय
ताई, नमस्कार घ्या. पण कथेत तिला खलनायिका लेखकाने केलं, त्याला नटी काय करणार?

कायद्याचं_बोला
तेच तर सांगतेय. नटीने ते पात्र वेडगळ होऊ दिलं नाही. गुरुदत्तला "कम्युनिस्ट आहेस का?" असं विचारते तेव्हा तो "कार्टूनिस्ट" म्हणून टाळी घेतो. पण तिच्याकडे बघा. ती त्या विनोदाला दाद देत नाही, ओशाळतही नाही. असले फटाके वाजवणारी पोरं तिने सभांमध्ये पुष्कळ पाहिलीत. बाकी सगळे विनोदी सिनेमात आहेत, ती एकटी गंभीर सिनेमात आहे. म्हणूनच विनोद होतो, आणि म्हणूनच ती मला खरी वाटते.

तळ्यातमळ्यात
हेच मी 'प्रोफेसर'बद्दल म्हणत होते! विनोदी सिनेमात त्या कधीही विनोद करत नाहीत. हे सूत्र पक्कं.

उगाचच
दोन्हीकडे नाव सीतादेवी, आणि 'रामायणा'त मंथरा. सीतेला वनवासाला पाठवायला सीताच.

खवट_म्हातारा
हा विनोद मात्र बाईंनीही केला नसता.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय. थपडेच्या गोष्टीतलं एक कोडं कोणी सोडवेल का? (दंड देतो.) सगळीकडे लिहिलंय, १९४२ ला अपघात, तीन वर्षं उपचार, मग पुनरागमन. पण प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ चा, आणि त्यात त्या आनंदीबाई आहेत. मग तीन वर्षं कशी बसवायची?

रीळवाला
चांगला प्रश्न. 'तीन वर्षं' हा आकडा एकाने लिहिला आणि बाकीच्यांनी उचलला, यापलीकडे मी त्याला किंमत देत नाही. उपचार लांबले असतील आणि मध्येच काम केलंही असेल. साल पक्कं आहे ते 'रामशास्त्री'चं.

आणि खरी कलाटणी तिथेच दिसते. आनंदीबाई म्हणजे मराठी माणसाच्या लेखी 'ध' चा 'मा' करणारी. नारायणराव पेशव्याच्या खुनाचा सगळा डाग जिच्या लेखणीवर. त्यानंतर व्ही. शांतारामबापूंच्या 'दहेज' (१९५०) मध्ये सासू, आणि मग दार उघडलंच. पण त्याच बापूंनी 'अमर भूपाळी'तही घेतलं होतं, आणि अमिय चक्रवर्तींच्या 'दाग' (१९५२) मध्ये त्यांनी दारुड्या दिलीपकुमारची आई केलीय. ती मंडळी त्यांना फक्त खाष्ट समजत नव्हती.

मातीचे_पाय
आनंदीबाई, मंथरा, दहेजची सासू. एक गोष्ट लक्षात येते का? या तिन्ही गोष्टींत सत्ता पुरुषांची आहे. रघुनाथरावाला पेशवाई हवी होती, दशरथाने वर देऊन ठेवले होते, हुंड्याचा पैसा नवऱ्याच्या घरात येणार होता. आणि पाप कोणाच्या माथी? बाईच्या. ललिता पवारांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पापाचं गाठोडं डोक्यावर वाहिलं.

खवट_म्हातारा
हं. आईला हे सांगायला हवं होतं. तिने ऐकलं नसतं, पण सांगायला हवं होतं.

येवलेकर
भगवानदादांबद्दल पण दोन शब्द कोणीतरी चांगले बोला. त्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं. 'अलबेला'ने एवढं दिलं आणि शेवटी दादरच्या चाळीत दिवस काढले. एका प्रसंगात दोघंही अडकून पडलेत.

उगाचच
दंड! दंड! दोन आणे!

येवलेकर
थपडेचं नाव कुठे काढलं? 'एका प्रसंगात' म्हटलंय.

कायद्याचं_बोला
आशय पुरेसा आहे. दंड कायम.

पिठलंभाकरी
सातशे सिनेमे केले म्हणतात ते खरं का?

रीळवाला
हा आकडा सगळीकडे फिरतो. मराठी, हिंदी, गुजराती सगळं धरून. यादी करून मोजणारा मला अजून भेटलेला नाही. मूकपटांतलं बहुतेक सगळं तर नष्टच झालंय, त्यामुळे 'कैलास' बघायला मिळेल ही आशा सोडा. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६१ चा, तो मात्र कागदोपत्री आहे. २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात औंधच्या घरी गेल्या.

बे_एरिया_बंड्या
१९८० चा 'सौ दिन सास के' कोणीच काढला नाही? माझ्या बहिणीचं लग्न ठरलं त्या आठवड्यात केबलवर लागला होता. होणारी सासू आमच्याकडे चहाला आलेली. टीव्ही बंद करायला कोण उठणार यावर घरात नुसती नेत्रपल्लवी.

दुपारची_झोप
मग? उठलं कोण?

बे_एरिया_बंड्या
कोणी नाही. सासूबाईच म्हणाल्या, राहू दे, रीना रॉय हिला कशी सरळ करते ते बघायचंय मला. आजतागायत बहिणीचं आणि त्यांचं उत्तम आहे.

घाटवळण
माझं स्वतःचं उत्तर राहिलंच होतं. धागा काढताना 'अनाडी' मनात होता. सुशेगादनी तो माझ्यापेक्षा चांगला सांगितला. पण 'सुजाता' मी इतकी वर्षं नूतनसाठी बघत आलो आणि आत्याकडे नीट बघितलंच नाही. या शनिवारी तोच लावतो.

अध्यक्षमहोदय, आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. 'सुजाता'तलं अंग मागे घेणं डोळ्यात बसतं का तुमच्या?

अध्यक्षमहोदय
बसतं. शरीर हेच हत्यार असं मी म्हटलं होतं, नुसता डोळा नव्हे. वाचा वर जाऊन.

घाटवळण
वाचलं. तरी मुद्दा माझाच.

सुशेगाद_मडगाव
शनिवारी 'सुजाता' बघणार असाल तर रविवारी 'अनाडी' ठेवा. उलटा क्रम नको. डिसाबाईनंतर लगेच त्या आत्याला बघवणार नाही.